घाणा थांबवायचा तर: बँकेची नोकरी सांभाळून शब्बाथ पाळलेलं वर्ष

2 ऑक्टोबर 2025, गुरुवार. संध्याकाळी योम किप्पुरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटला आणि माझं ठरवलेलं वर्ष पूर्ण झालं. आधीच्या वर्षीच्या रोश हशानापासून (ज्यू नववर्षापासून) प्रत्येक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, आणि तोरात, आमच्या धर्मग्रंथात, सांगितलेला प्रत्येक सण पाळायचा, काम बंद ठेवून पाळायचा, असं ठरवलं होतं. दोन ठिकाणी चुकले, तेही खाली लिहिलंय. सुरुवातीला मला नेमकं काय करायचं, कुणाला विचारायचं, अर्ज कसा लिहायचा, काहीच कळत नव्हतं. कुणी या वाटेवर असेल तर त्याची थोडी पायपीट वाचावी म्हणून हे सगळं तारखांसकट लिहिते.

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू, ठाण्यात चरईत राहणारे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांमध्ये आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. प्रार्थनेतलं शेमा सोडलं तर फारसं हिब्रू त्यांच्याकडे उरलं नव्हतं, पण शनिवार उरला होता. लहानपणापासून ही गोष्ट अभिमानाने ऐकली आणि तरी मी स्वतः वीस वर्षं शनिवारी बँकेत जात होते.

माझे बाबा राज्य सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या काळी फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून आला, तोवर ते कधीच निवृत्त झाले होते. शुक्रवारी रात्री घरी पोचतील तेव्हा दिवा लागायचा, आठ वाजोत की नऊ. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी शनिवारी काही म्हणजे काही केलं नाही. तेवढी चौदा वर्षं त्यांना मिळाली. 2024 च्या फेब्रुवारीत ते गेले. भाऊ त्यांच्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायला सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनागृहात, जायला लागला, मीही शुक्रवारी बरोबर जाऊ लागले. मला निवृत्तीची वाट बघायची नाही, हे तिथे वरच्या बाकावर बसून एका शुक्रवारी पक्कं झालं.

मग हिशोब मांडला. बँकांना 2015 च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. पहिला, तिसरा आणि असेल तेव्हा पाचवा शनिवार कामाचा. ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 असे कामाचे शनिवार मोजले तर 28 निघाले. शिवाय रोश हशाना, सुक्कोथ (मांडवांचा सण), त्याच्या शेवटी येणारा सिम्हाथ तोरा (तोराचं वाचन पूर्ण झाल्याचा सण) आणि शाबुओथ (सप्ताहांचा सण) यांचे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी येणारे 10 दिवस. एकूण 38. सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वर्षाला 12. पीएल, म्हणजे हक्काची रजा, शिल्लक होती, पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, ती सगळी उधळता येणार नव्हती. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत आमचा एकही सण नाही. म्हणजे रजेने हे जमणार नाही, साप्ताहिक सुट्टीच बदलून मिळायला हवी, एवढं स्पष्ट झालं.

इथे मला मदत केली ती मूळच्या पुण्याच्या एका सहकाऱ्याने. तो सेवंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. त्यांचाही शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. कॉलेजात असताना शनिवारची परीक्षा बदलून घेण्यासाठी त्याने असे अर्ज केलेले. आमच्यात फरक पुष्कळ. तो शनिवारी दिवे लावतो, गाडी चालवून चर्चला जातो. नोकरी, खरेदी, परीक्षा मात्र नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायातले सण त्याच्या मते येशूमध्ये पूर्ण झाले, म्हणून तो ते पाळत नाही. शब्बाथ दहा आज्ञांतला, म्हणून तो कायमचा. आमच्याकडे तोच अध्याय सुरू होतो शब्बाथने आणि त्याच दमात पुढचे सण सांगतो, त्यामुळे एक ठेवून दुसरं सोडायचं हे आम्हाला सुचणारच नाही. एका दुपारी डबा खाताना आम्ही दोघं यावर तासभर बोललो. इतकी वर्षं शेजारी बसून हे कधी विचारलंच नव्हतं.

त्याने सांगितलेली युक्ती अशी: अर्जात ‘सवलत द्यावी’ असं लिहू नका, पर्याय लिहा. मी लिहिलं की शनिवारऐवजी रविवारी, सणाच्या दिवशी, दिवाळीत, कधीही काम करायला तयार आहे. आठवड्याचे सातही दिवस चालणारा आणि आळीपाळीने सुट्टी देणारा एखादा विभाग असेल तर तिथे बदली चालेल. सोबत सिनेगॉगच्या ट्रस्टच्या लेटरहेडवर वर्षभरातल्या सणांच्या इंग्रजी तारखांचं पत्र जोडलं. हे पत्र मिळायला दोन आठवडे लागले, कारण विश्वस्त गावाला गेले होते. पत्र आधी मागून ठेवा. अर्ज 18 जून 2024 ला शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला.

मग काहीच नाही. जुलै गेला. 5 ऑगस्टला विभागीय कार्यालयातून विचारणा आली की धर्माचा पुरावा काय. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत दिली आणि 2016 साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला त्या निर्णयाची प्रतही जोडली. त्या निर्णयाचा रजेशी संबंध नाही, पण टेबलापलीकडच्या माणसाला ‘ज्यू म्हणजे कोण’ हे पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन आले. कागद एका टेबलावर ‘अभिप्रायासाठी’ थांबला होता. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग वीस वर्षं कसं चाललं तुमचं?” मला उत्तर देता आलं नाही. घसा भरून आला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कागद वरच्या ढिगात ठेवला.

20 सप्टेंबरला आदेश आला: 1 ऑक्टोबरपासून दादरजवळच्या एका प्रक्रिया केंद्रात, साप्ताहिक सुट्टी शनिवार, वेळ सकाळी साडेसात ते साडेतीन. घरी आईने एलिया हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा केला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं. या बदलीची किंमतही सांगते. रविवार गेला. नवऱ्याची आणि मुलीची सुट्टी रविवारी, माझी शनिवारी. नवरा शब्बाथ माझ्याइतका पाळत नाही, पण शनिवारी दुपारी घरी असतो. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, तिची शाळा शनिवारी अर्धा दिवस. तिच्यावर मी काहीही लादलेलं नाही.

नव्या जागी रुजू झाले आणि तिसऱ्या दिवशी रोश हशाना. आमचे जुने लोक याला नव्याचा सण म्हणत. त्या वर्षी सण गुरुवार-शुक्रवार आणि लगेच शब्बाथ असे सलग तीन दिवस आले. सुक्कोथला तसंच, सिम्हाथ तोराला तसंच. 3 आणि 4, 17 आणि 18, 24 आणि 25 ऑक्टोबर. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात सहा दिवस रजा मागायची! पहिले चार दिवस मंजूर झाले, 24 तारीख विनावेतन मिळाली, 25 नामंजूर. मी 25 ला, सिम्हाथ तोराच्या दिवशी, कामावर गेले. इस्राएलमध्ये अश्दोदला माझी आत्या असते. ती फोनवर म्हणाली, “अगं, आमच्याकडे सण एकाच दिवसाचा, तुझा 24 ला झाला की.” इस्राएलमध्ये एक दिवस, बाहेर दोन, हा नियम खराच आहे. पण मी राहते ठाण्यात. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) हातात घेऊन सगळे नाचत होते त्या वेळी मी संगणकावर नोंदी करत होते, आणि ही चूक मी चूक म्हणूनच लिहिते.

सण आणि शब्बाथ लागून आले की स्वयंपाकाचं काय, हा प्रश्न नव्या माणसाला गोंधळात टाकतो. सणाच्या दिवशी आधीपासून पेटलेल्या विस्तवावर रांधता येतं, शब्बाथला नाही. आणि सणाच्या शुक्रवारी शनिवारसाठी रांधायचं तर बुधवारीच सूर्यास्ताआधी एक उकडलेलं अंडं आणि भाकरी-चपाती बाजूला काढून, बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणून ठेवायची, म्हणजे शब्बाथची तयारी आधीच सुरू झाली असं धरतात. याला एरूब तबशिलीन म्हणतात. मला हे हज्जानांनी, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी, सांगितलं. मी बुधवारी दिवस मावळायच्या आत अंडं उकडत उभी होते, दिवसभराचा प्रवास अंगात होता, आणि तरी ते अंडं बशीत ठेवताना फार बरं वाटलं.

योम किप्पुर 12 ऑक्टोबरला, शनिवारी, आणि त्याच दिवशी दसरा. आमच्या तिश्री महिन्याची दहावी आणि आश्विन शुद्ध दशमी. दोन्ही महिने चंद्रावर चालतात, म्हणून बऱ्याच वर्षी ही गाठ पडते. आमचं सिनेगॉग, 1879 सालचं शाआर हशामाइम, टेंभी नाक्यापाशीच. बाहेर देवीची गर्दी, आत पांढऱ्या कपड्यातली माणसं. जुन्या बेने इस्राएलांत योम किप्पुरचं नाव दार फाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, कुणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही. दुपारी मधल्या वेळात घरी आले तर शेजारच्यांचा मुलगा आपट्याची पानं घेऊन उभा. “काकू, सोनं घ्या.” दार लावायचा दिवस, आणि दारात सहा वर्षांचं पोर. मी पानं घेतली, टेबलावर ठेवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चूक की बरोबर, मी त्यावर कुणाचा निवाडा मागितला नाही.

आता घरातल्या शब्बाथविषयी, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. ‘काम’ म्हणजे काय? तोरातल्या निर्गम पुस्तकात विस्तव पेटवू नका एवढं स्पष्ट आहे, बाकी मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाने, 39 कामं मोजली आहेत, वाळवंटातला देवाचा निवासमंडप उभारताना लागलेल्या कामांवरून. पिळून काढणं हे मळणीच्या कामात धरतात. हे वाचलं त्या दिवशी मला पूर्वजांचा घाणा दिसला. माझ्या घरी शनिवारी लिंबूही पिळत नाही. सरबत शुक्रवारी करून ठेवते. विजेचं बटण म्हणजे विस्तव, असं मी धरते. आमच्यातलीच रिफॉर्म (सुधारणावादी) घराणी असं धरत नाहीत. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 साली त्या विचाराची संस्था सुरू केली, तेव्हापासून हा विचार आपल्याकडे आहे, आणि त्या घरांतला शब्बाथ कमी प्रेमाचा असतो असं मला कधी वाटलं नाही. माझी मावशी गॅस लावते, पण शनिवारी पैशाला हात लावत नाही. प्रत्येक घराने आपली रेघ कुठेतरी ओढलेली असते. तुम्ही तुमची ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा, नाहीतर दर शुक्रवारी वाद होतो.

फ्रिजवरून आठवलं: आतला दिवा शुक्रवारी काढून ठेवा. मी पहिल्या आठवड्यात विसरले आणि शनिवारभर फ्रिज उघडलाच नाही. गरम जेवणासाठी छोटी हॉट प्लेट घेतली, 1,850 रुपये, टायमर 450. आमटी आणि भात तिच्यावर शुक्रवारीच ठेवायचे. जूनमध्ये एका शुक्रवारी रात्री पावसाने वीज चार तास गेली, आमटी आंबली, शनिवारी दुपारी आम्ही पोळी, केळी आणि खजूर खाल्ले. बाथरूमचा दिवा चालू ठेवा. गिझर बंद करून नळाला कागदी पट्टी चिकटवा, हात सवयीने जातोच. घराची किल्ली घेऊन रस्त्यावर चालायचं नाही, म्हणून ती तळमजल्यावरच्या काकूंकडे ठेवते. प्रार्थनेचं पुस्तक सिनेगॉगमध्येच. तिसऱ्या मजल्यावरून उतरून चालत पंधरा मिनिटं, लिफ्ट नाही. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुका गुरुवारी रात्री भिजवायच्या, शुक्रवारी कुस्करून गाळायच्या.

आणि दिवा. आम्ही अजून तेलाचा लावतो. काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी, वर तितकंच खोबरेल, त्यावर वातीची तरंगती चकती. तेल पाण्यावर येऊन स्वच्छ थर धरतं त्याला मिनिटभर लागतं, तेवढं थांबायचं, नाहीतर वात ओली होऊन चरचरते. वाती आई वळते, मांडीवर कापूस घेऊन. दिवा लावायची वेळ सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी. ठाण्यात नोव्हेंबरअखेर ती 5 वाजून 41 मिनिटांच्या आसपास येते, जूनअखेर सात वाजून जातात. म्हणून हिवाळा अवघड. साडेतीनला सुटणारी मीसुद्धा 29 नोव्हेंबरला अडकले. हिशोब जुळेना म्हणून निघायलाच साडेचार झाले, त्यात मुलुंडच्या पुढे गाडी उभी राहिली. पावणेसहा, सहा. खिडकीतून उजेड जाताना दिसत होता आणि मी काही करू शकत नव्हते. ठाण्याला उतरले तेव्हा शब्बाथ लागून गेला होता. जिने चढून दार ढकललं तर आत दिवा जळत होता. मुलीने एकटीने तेल घातलं होतं, वेळेवर लावला होता, बेराखा मोबाइलवर लिहून ठेवलेली वाचली होती, आणि मग मोबाइल बंद करून कपाटात टाकला होता. “चरचरला थोडा,” म्हणाली. मी तिला जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही. गाडीत असताना शब्बाथ लागला ही माझी दुसरी चूक. त्यानंतर थंडीभर शुक्रवारी मी डबा न खाता काम केलं आणि तीनला निघायची परवानगी लेखी घेतली. घरातल्या प्रत्येकाला दिवा लावता आला पाहिजे, ही गोष्ट मी तेव्हा शिकले.

हनुका हा दिव्यांचा सण सोपा, कामाला बंदी नाही आणि आमच्या जुन्या लोकांना तो ठाऊकही नव्हता. पुरीमला बेने इस्राएल होळीचा सण म्हणत आले, आणि 14 मार्च 2025 ला तो खरोखरच धुळवडीला आला. रजा लागली नाही. पेसाहने (वल्हांडण सणाने) मात्र परीक्षा पाहिली. 12 एप्रिलला शनिवारी रात्री तो सुरू होत होता, म्हणजे शब्बाथ संपताक्षणी सेदेर, म्हणजे सणाचं विधीचं जेवण, आणि शब्बाथला त्याची तयारी करायची नाही. खमीर असलेलं सगळं शुक्रवारी सकाळीच बाहेर काढायचं. 10 एप्रिलला, महावीर जयंतीच्या सुट्टीत, घर उपसलं: डबे, पीठाची चाळण, मुलीचं दप्तरसुद्धा. भांडी, तांदळाची पिठी आणि मात्सा (बिनखमिराची पोळी) मिळून 4,200 रुपये लागले. खजुराचा शिरा, म्हणजे पाक, गुरुवारी रात्री आटवला. दुसरा दिवस आंबेडकर जयंतीच्या सुट्टीत निभावला. रविवार माझ्या कामाचे, म्हणून 13 आणि 20 साठी रजा टाकावी लागली. जूनच्या हिशोबात हे धरायला मी विसरले होते. सुट्टीचा दिवस बदलला की सगळी गोळाबेरीज पुन्हा करा.

आब महिन्याच्या नवमीचा शोक 2025 मध्ये शनिवारी आला, म्हणून उपास पुढे ढकलून 2 ऑगस्टच्या रात्री धरला. शब्बाथला शोक करत नाहीत, जेरुसलेमचं मंदिर पडल्याचासुद्धा. तीन तारखेच्या संध्याकाळी केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढलं. आमच्यात या दिवसाला बिरड्याचा सणच म्हणतात. वाल सोलताना आईने बाबांचं नाव काढलं, दीड वर्षात पहिल्यांदा न रडता.

2 ऑक्टोबर 2025 ला योम किप्पुर पुन्हा दसऱ्याला आला, गांधी जयंतीही त्याच दिवशी, रजेचा प्रश्नच नव्हता. या वेळी मी आठवडाभर आधी शेजारी सांगून ठेवलं होतं की दिवसभर आमचं दार बंद असेल. संध्याकाळी शोफार (एडक्याच्या शिंगाचा कर्णा) वाजला, सिनेगॉगच्या पायऱ्यांवर उभं राहून आम्ही आभाळात तीन तारे शोधले, दोन ढगांत होते. घरी आले तेव्हा सव्वासात झाले असतील. चहा उकळत ठेवला आणि बेल वाजली. शेजारचा मुलगा, आता सात वर्षांचा, हातात पानं. “काकू, आई म्हणाली तारे दिसल्यावर जा. मी गच्चीवर जाऊन बघून आलो. तीन आहेत.”